बर्फातल्या किडनीवर उजेड टाका

सिंगापूरमध्ये पीआर मिळालं की आपण सीपीएफ, घर, मुलांची शाळा या सगळ्याची चौकशी करतो. होटाबद्दल मात्र आपल्या मंडळींमध्ये फारसं कोणी बोलत नाही. १९८७च्या या अवयव प्रत्यारोपण कायद्यामुळे २१ वर्षांवरच्या नागरिकांची आणि पीआर असलेल्यांची मृत्यूनंतर किडनी द्यायला संमती आहे असंच धरलं जातं. नको असेल तर तसं लिहून द्यायचं, आणि मग स्वतःवर वेळ आली की प्रतीक्षायादीत मागे जायचं. भारतात याउलट स्पष्ट होकार लागतो आणि बहुतेकदा तो नातेवाईकच देतात.

मला इथली पद्धत पटते. पण न विचारता घेतलेली किडनी नीट न तपासता टाकून देणं मला पटत नाही, आणि नीट न तपासता कुणाला बसवणं तर त्याहून नाही.

काढल्यापासून बसवेपर्यंत किडनीला रक्त मिळत नाही. बर्फामुळे पेशींचं काम मंदावतं, थांबत नाही. शिवाय रक्त पुन्हा सुरू झालं की त्या धक्क्याने आणखी इजा होते. ही इजा किती, हे आधी कसं ओळखायचं? दात्याचं वय आणि क्रिएटिनिन बघतात, कधी बायॉप्सी करतात. बायॉप्सीत जुने व्रण चांगले दिसतात, गेल्या काही तासांत काय घडलं ते तितकंसं नाही.

इथे प्रकाश कामाला येतो. पेशीत एनएडीएच नावाचा रेणू असतो. अतिनील प्रकाश पडला की तो स्वतःच निळसर चमकतो, वेगळा रंग घालावा लागत नाही. ऑक्सिजन तुटला की तो साठतो आणि चमक वाढते. रक्त आलं की उतरते. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी उंदरांमध्ये ही चमक किती वेगाने उतरते ते मोजलं, तर किडनी पुढे सावरेल का याचा अंदाज त्यातून येत होता. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे असतं त्या ओसीटी यंत्राने किडनीच्या सूक्ष्मनलिका सुजून बंद झाल्यात का, हेही न कापता दिसतं.

आपल्या एनटीयूमध्येही २०१९ मध्ये सुंदर काम झालं. इजा झालेल्या किडनीत पोचल्यावर चमकू लागणारे आणि लघवीवाटे बाहेर पडणारे रेणू तिथे बनवले गेले. उंदरांमध्ये त्यांनी गाळण्याची क्षमता घसरण्याआधीच इशारा दिला. ती इजा औषधांमुळे झालेली होती, रक्त थांबल्यामुळे नव्हे. पण लघवी तपासण्याची कल्पना मला फार आवडली. कारण त्वचेतून आत बघणाऱ्या यंत्रांवर माझा तितका विश्वास नाही. माणसाची किडनी उंदरासारखी कातडीलगत नसते, आणि सावळ्या त्वचेवर पल्स ऑक्सिमीटर कसा फसतो ते कोविडमध्ये कळलंच. पेटीतल्या उघड्या किडनीवर ना चरबी, ना मेलॅनिन. म्हणून प्रकाशाची पहिली परीक्षा तिथेच व्हावी.

खरी अडचण खोलीची आहे. अतिनील प्रकाश मिलिमीटरभरही आत जात नाही, ओसीटी एक-दोन मिलिमीटर. रक्त थांबल्याचा सर्वात मोठा फटका मात्र त्याच्या बराच खाली, बाहेरच्या थराखालच्या भागात बसतो. बायॉप्सीची सुई तशीही आत जातेच. तिच्याच वाटेने केसाएवढा प्रकाशतंतू पाठवता येईल का, हे मी इथल्या एखाद्या ऑप्टिक्सवाल्याला गाठून विचारणार आहे.