आठ फेनचं माकड

तांबड्या जमिनीवर बसलेलं काळंभोर माकड आणि त्याचे रोखून पाहणारे सोनेरी डोळे. १५ फेब्रुवारी १९८० रोजी चीनच्या टपाल खात्याने हे तिकीट काढलं, तेव्हा त्याची दर्शनी किंमत होती आठ फेन. परगावी साधं पत्र धाडायला तेवढंच लागे. ऐंशी तिकिटांची अख्खी शीट साडेसहा युआनच्या आत मिळत होती. पुढे अशाच शीटला लिलावात दहा लाख युआनच्या वर बोली लागली.

चिनी राशीवर्षांच्या तिकिटांचा छंद या माकडानेच घरोघर नेला आणि बिघडवलाही त्यानेच.

चीन काही यात पहिला नव्हता. जपानने १९५०मध्ये वाघाचं तिकीट काढलं होतं, हाँगकाँगने १९६७मध्ये एडक्याचं. पण चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीच्या काळात तिकिटं जमवणं म्हणजे भांडवलशाही चोचले ठरले होते. तो छंद नुकता डोकं वर काढत असताना हे माकड आलं. छपाई जेमतेम चव्वेचाळीस लाखांची, तीही पाहता पाहता पाकिटांवर चिकटून संपली. चित्र होतं ह्वांग योंगयू यांचं. त्यांच्या पाळीव माकडाच्या मृत्यूनंतर त्याची आठवण म्हणून त्यांनी ते काढलं. कोरीव छपाईमुळे अस्सल तिकिटावरची लव बोटाला किंचित उठलेली लागते. नकली माकडांचा सुळसुळाट इतका, की जाणकार ही खूण आवर्जून तपासतात.

त्यानंतर प्रत्येकाला आपल्या कपाटात असं एक माकड हवं झालं. लोक पुढल्या वर्षांच्या शीटच्या शीट घेऊन ठेवू लागले आणि टपाल खातंही कोट्यवधींनी छापू लागलं. सगळ्यांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार? नव्वदच्या दशकातली कित्येक तिकिटं पुढे दर्शनी किमतीपेक्षाही स्वस्तात विकली गेली. गुंतवणूक म्हणून ही तिकिटं घेणाऱ्याने सरळ बँकेत ठेव ठेवावी. निदान वाळवी तरी लागणार नाही.

मग ती जमवायची कशाला? वाचण्यासाठी. बाराच प्राणी, पण दर फेरीला समाज बदललेला असतो. १ जानेवारी २०१६ पासून चीनमध्ये जोडप्यांना दोन मुलांची मुभा मिळाली आणि चारच दिवसांनी आलेल्या तिकिटावर दोन पिल्लांना कवेत घेतलेली माकडीण होती. २०१९च्या डुकराच्या वर्षासाठी वराह कुटुंबात तीन पिल्लं दिसली, तेव्हा लोकांनी लगेच अर्थ लावला, की आता तिसऱ्याचीही परवानगी येणार. ती आली २०२१मध्ये. २०२३च्या सशासाठी नव्वदी ओलांडलेल्या ह्वांग यांनी लाल डोळ्यांचा निळा ससा काढला. तो अभद्र दिसतो म्हणून लोकांनी बोटं मोडली, तरी तो घ्यायला रांगाही लावल्या. त्याच वर्षी व्हिएतनामच्या तिकिटावर मांजर होतं, कारण तिथल्या राशीचक्रात सशाची जागा मांजराची आहे.

अमेरिकेचा कोंबडा तर याहून बोलका. १८६९मध्ये तिथला खंडपार लोहमार्ग पूर्ण झाला, त्यासाठी हजारो चिनी मजूर राबले. पण त्या सोहळ्याच्या प्रसिद्ध छायाचित्रात चिनी चेहरा दिसत नाही. ही गोष्ट एका चिनी-अमेरिकी बाईंच्या मनाला लागली, आणि चिनी समाजाचा मान राखणारं तिकीट निघावं म्हणून पाठपुरावा सुरू झाला. ३० डिसेंबर १९९२ रोजी होनोलुलूच्या क्लॅरेन्स ली यांनी रेखाटलेला कोंबडा २९ सेंटांच्या तिकिटावर आला.

अर्थात, चिनी वस्ती नावालाही नसलेले देशही हल्ली निव्वळ संग्राहकांच्या खिशाकडे पाहून चकचकीत ससे-ड्रॅगन छापतात. पाकिटावर कधी न लागणारी ती तिकिटं बेलाशक वगळावीत. त्यापेक्षा शिक्का बसलेलं, खरोखर प्रवास करून आलेलं तिकीट बरं. आपल्या टपाल खात्याने २०१०मध्ये मेष ते मीन अशा बारा राशींची तिकिटं काढली होती. ती शेजारच्या पानावर लावली तर फरकही कळेल. आपली रास चंद्र कुठे आहे त्यावरून, चिनी प्राणी जन्मवर्षावरून. साठ वर्षांचं चक्र मात्र दोन्हीकडे आहे. पंचांगातली साठ संवत्सरं फिरून येतात, तसं १९८०चं ते माकडवर्ष त्याच नावाने पुन्हा २०४०मध्ये येईल.

त्याआधी २०२७मध्ये चीनच्या तिकिटांची चौथी फेरी संपेल. त्या वर्षाचा प्राणी ‘यांग’, आणि या एकाच चिनी शब्दात शेळीही येते, मेंढीही. हाँगकाँगने १९६७मध्ये एडका निवडला होता. या खेपेला कुठला देश दाढी काढतो आणि कुठला लोकर, हे पाहायला अल्बममध्ये एक पान मोकळं ठेवायला हरकत नाही.