माशी बांधायची, पण पीस कुणाचं?

डोक्याचा पार भुगा झालेल्या आठवड्यानंतर कुणी जिम गाठतं, कुणी मल्टिप्लेक्स. माझा सध्याचा उतारा जरा भलता आहे. टेबलाच्या कडेला लावायचा चिमुकला व्हाइस, रेशमी दोरा, बारीक हुक आणि कोंबड्याचं पीस. यातून मी माश्या बनवते. हो, माश्या! याला म्हणतात फ्लाय टाइंग. ट्राउट नावाच्या महाचोखंदळ माशाला फसवायला खोटा किडा बांधायचा. आणि या किड्यांमधला सुपरस्टार म्हणजे मेफ्लाय.

तिची स्टोरी ऐकाच. जवळजवळ सगळं आयुष्य नदीच्या तळाशी, दगडांच्या आडोशाला जातं. मग एक दिवस ती वर येते, कात टाकते, पंख उघडते आणि काठावरच्या झाडाझुडपांत जाऊन पुन्हा एकदा कात टाकते. पंख फुटल्यावरही कात टाकणारा कीटक जगात हा एकच. त्यानंतर खायला धड तोंडसुद्धा नसतं. बहुतेकींच्या हातात काही तास, नाहीतर एखाद-दोन दिवस. जोडीदार शोधा, अंडी घाला, खेळ खलास. आपल्या डेडलाइन्स यापुढे काय झाडाचा पाला!

म्हणूनच एका माशीच्या तीन नकला लागतात. पाण्याखालचं पिल्लू, नुकती पंख उभे करून पाण्यावर तरंगणारी, आणि अंडी घालून पंख पसरून पडलेली. तरंगणारीसाठी कोंबड्याच्या मानेवरचं ताठ पीस हुकभोवती गुंडाळतात, म्हणजे त्याचे केस पायांसारखे पाण्यावर टेकतात. फ्रेडरिक हॅलफर्ड या इंग्रज गृहस्थाने 1886 मध्ये तरंगत्या माश्यांवर अख्खं पुस्तक लिहिलं. पिल्लाची सगळ्यात सोपी नक्कल इंग्लंडमधल्याच फ्रँक सॉयर या नदीरक्षकाची. फेझंटच्या शेपटीचं पीस आणि तांब्याची तार, बस्स. दोरासुद्धा नाही.

हा सगळा पसारा घेऊन बुलडाण्याला घरी गेले, तेव्हा काकांचा पहिला प्रश्न आला, ‘हा मासा आपल्या पैनगंगेत भेटते का?’ नाही भेटत. ट्राउटला थंड पाणी लागतं, कारण थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की त्याचा जीव कासावीस व्हायला लागतो. आमच्याकडे मे महिन्यात मलकापूर-खामगावात पारा चाळिशी ओलांडतो. विषय संपला. भारतातला ट्राउटही मूळचा इथला नव्हेच. काश्मीरसाठी 1899 मध्ये आलेली पहिली अंडी वाटेतच गेली. 1900 साली स्कॉटलंडहून आलेली जगली. पुढे हिमाचल, निलगिरी, मुन्नार असा त्याचा प्रवास झाला.

पण बुलडाण्याचं आणि या छंदाचं नातं निघालंच, आणि तेही दोन बाजूंनी.

पहिलं नातं तुडतुड्याचं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात व्हिन्सेंट मॅरिनारो नावाच्या अवलियाच्या लक्षात आलं की तिथले ट्राउट मेफ्लाय सोडून भलतंच काही बारीक टिपतायत. ते होते तुडतुडे. त्याने त्यांची नक्कल बांधली आणि नाव दिलं जॅसिड. हेच नाव आपल्याकडे कपाशीच्या पानांचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांना कृषी खात्याच्या पत्रकांत वापरतात. काकांना सांगितलं तर ते बघतच राहिले. ‘आम्ही फवारे मारून मारून थकलो, अन् थे लोक त्याचीच नक्कल करून राह्यले?’

दुसरं नातं जास्त गंभीर आहे. या जॅसिडच्या पाठीवर जे चकचकीत पीस बसवतात, ते राखी रानकोंबड्याच्या मानेचं. टोकाला मेणाचा थेंब सांडल्यासारखा पिवळट ठिपका. हा पक्षी फक्त भारतातला. संग्रामपूर तालुक्यातलं अंबाबरवा अभयारण्य ज्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, तिथल्या जंगलात तो आरवतो. सामन माशाच्या भपकेबाज माश्यांसाठी जगभर या पिसांना मागणी होती आणि ती पुरवायला आपल्या जंगलातले पक्षी मारले जात. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलं. आज परदेशात बंदिस्त जागी वाढवलेल्या पक्ष्यांची पिसं विकली जातात, आणि कृत्रिम पिसंही मिळतात.

पिसासाठी माणूस कुठवर जातो, याचं उदाहरण हवंय? जून 2009 मध्ये एडविन रिस्ट हा विशीतला बासरीवादक इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयात रात्री शिरला आणि दुर्मिळ पक्ष्यांचे 299 जतन केलेले नमुने सूटकेसमध्ये भरून घेऊन गेला. कशासाठी? माश्या बांधणाऱ्यांना पिसं विकायला! शंभर-दीडशे वर्षं जपलेला ठेवा, ज्यावर शास्त्रज्ञ काम करतात, तो काही जणांच्या शोकेससाठी उधळला गेला.

तेव्हा दोस्तांनो, किट मागवताना लेबल वाचा. त्यात ‘जंगल कॉक’ दिसलं आणि विकणारा पीस कुठून आलं ते सांगत नसेल, तर ऑर्डर रद्द करा. अभयारण्यात फिरायला गेलात तर पडलेलं पीससुद्धा उचलू नका, आणि तिथे गळ तर नकोच नको. धरणावर गळ टाकायचा असेल तर आधी तिथल्या मच्छीमार सोसायटीला विचारा. पाण्यावर त्यांचं पोट आहे, आपला फक्त वीकेंड.

आणि पीस हवंच असेल, तर बाजाराच्या दिवशी कोंबडीवाल्याकडे जा. गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं तो नाहीतरी फेकूनच देतो. साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. मेफ्लाय त्याचीही झकास होते. ट्राउटला काही कळत नाही, आणि रानकोंबडा पहाटे आरवायला मोकळा राहतो!