कमानीपलीकडची फेरीबोट

गोव्यात येणाऱ्या पाहुण्याने काय पाहावे आणि काय करावे, याच्या याद्या आता उदंड झाल्या आहेत. त्यांतील बहुतेकींचा सूर एकच असतो : भूमध्य समुद्रावरील एखाद्या बंदरनगरीत हिंडल्याचे सुख येथे पारपत्रावाचून मिळते. त्या सुखाबद्दल आमचा आकस नाही. आक्षेप आहे तो त्यामागील अज्ञानाला. पोर्तुगालचा सारा किनारा अटलांटिक महासागराचा. भूमध्य समुद्र त्या देशाला कोठेच भिडत नाही. ज्यांच्यामुळे ही उपमा आपल्याला चिकटली, त्यांनाही ती शोभत नाही.

भूगोलाची चूक एक वेळ पोटात घालता येईल, इतिहासाची घालता येत नाही. ‘साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज छाया’ हे वाक्य साऱ्या गोव्याला सरसकट लावले जाते. १५१० ते १९६१ हा हिशेब तिसवाडीचा. बार्देश व सासष्टी १५४३ मध्ये गेली. डिचोली पोर्तुगीजांच्या हाती पडली ती १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून त्यांच्याकडे गेले १७८८ मध्ये. म्हणजे पेडण्याच्या वाट्याला १७३ वर्षे आली. या नव्या काबिजादीत देवळे जागच्या जागी राहिली, कीर्तन आणि दशावतार चालू राहिले, पोथ्या मराठीत वाचल्या गेल्या. सगळा गोवा एकाच रंगात रंगवणाऱ्या यादीला हे दिसत नाही.

जुन्या गोव्याचेच पाहा. एके काळची खरी बंदरनगरी ती. रोगराईने ती ओस पडत गेली आणि १८४३ मध्ये राजधानीचा मान पणजीला अधिकृतपणे मिळाला. आजचा पाहुणा तेथे बॉम जीझसची बॅसिलिका पाहतो, से कॅथेड्रल पाहतो, व्हाइसरॉयच्या कमानीखाली छायाचित्र काढतो आणि परततो. ही मंदिरे पाहू नयेत असे आम्ही म्हणणार नाही. ती आमच्या शेजाऱ्यांची, म्हणून आमचीही आहेत. पण यादी कमानीपाशी संपते आणि बंदर कमानीपलीकडे सुरू होते. तेथे धक्का आहे, फेरीबोट आहे. ती दिवाडी बेटावर नेते. बेट ओलांडले की दुसरी फेरीबोट डिचोली तालुक्यातील नार्व्याला उतरवते.

कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर याच वाटेने गेले. दिवाडीवरील त्याचे देऊळ सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडले. लिंग नदीपार, त्यांची सत्ता नसलेल्या तीरावर, नार्व्याला आले. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. त्याचा शिलालेख तेथे आहे. आता ज्याने कमान पाहिली आणि नार्वे पाहिले नाही, त्याने विजेत्याचे दार तेवढे पाहिले. त्या दारातून कोण बाहेर पडले, हे त्याला कोणी सांगितलेच नाही. त्याच डिचोलीत हरवळ्याची जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत, आणि औरंगजेबाच्या बंडखोर पुत्राशी, अकबराशी, ज्याचा संबंध सांगितला जातो तो नमाजगाहही आहे.

पेडण्याची गत तर याहून विचित्र. मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले. तेव्हापासून पाहुणा उतरतो तोच पेडण्यात, आणि गाडीत बसून पेडण्याबाहेर जातो. रस्त्याने येणारा पत्रादेवीवरून येतो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी तेथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. दूरच्या पंजाबातून आलेले कर्नेलसिंग बेनिपाल तेथेच पडले. हुतात्मा स्मारक रस्त्यालगत आहे. किती गाड्या थांबतात?

कोणी म्हणेल, यादीत नाव नाही हे बरेच. गर्दी तरी टळते. हा युक्तिवाद आम्हाला मोह घालतो, पण पटत नाही. ज्या गावाची ओळख कोणी लिहून ठेवत नाही, ते नकाशावर ‘रिकामी जागा’ ठरते, आणि रिकाम्या जागेला गिऱ्हाईक लवकर मिळते. डिचोलीचे डोंगर लोहखनिज होऊन बार्जेसमधून मांडवीने मुरगावच्या बंदराकडे गेले. पणजीच्या काठावरच्या प्रवाशाला त्या बार्जेस नदीची शोभा वाटल्या. मोरजीच्या वाळूत समुद्रकासवे अंडी घालतात, हे ठाऊक असणारा पाहुणा रात्री तेथे दिवे आणि वाद्ये लावताना निदान बिचकेल.

दोष केवळ बाहेरच्यांचा नाही. सरकारी सेवेत असताना असल्या मजकुरावर ‘पाहिले’ असे लिहून आम्हीही कागद पुढे सरकवले आहेत. जे लिहायला हवे होते ते आपण लिहिले नाही, म्हणून दुसऱ्यांनी मनाला येईल ते लिहिले.

तेव्हा वाद घालून थांबू नये. पेडणे व डिचोलीतील प्रत्येक वाचनालयाने, प्रत्येक देवस्थान समितीने आपल्या गावाचे एकेक पान लिहावे : काय आहे, केव्हाचे आहे, आधार कोणता, पोहोचावे कसे आणि तेथे वागावे कसे. पहिले पान नार्व्याचे असावे, आणि त्याची सुरुवात जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून, फेरीबोटीपासून व्हावी.