पिंपळावरचा मुंजा आणि पिंपळाखालचा बुद्ध

वसतिगृहात नव्याने दाखल झालेली मुले पहिले काही दिवस अंगणातील पिंपळाखालून रात्री एकटी जात नाहीत. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते, पिंपळावर मुंजा असतो. ज्या वृक्षाखाली तथागतांना सम्यक संबोधी प्राप्त झाली, त्याच वृक्षाला आमची लेकरे भितात, याचे आरंभी आम्हाला फार वाईट वाटे. पुढे आम्ही रागावणे सोडले आणि उलट प्रश्न विचारू लागलो. मुंजा कोणाचा होतो? मुंज झालेल्या, पण अकाली मेलेल्या मुलाचा. मग ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मुंजच झाली नाही, त्यांच्या पोराचा मुंजा होणार कसा? ब्राह्मणाचे भूत ब्रह्मसमंध, इतरांच्या भुतांची नावे वेगळी. माणूस मेला तरी त्याची जात मेली नाही. भुतांच्या दुनियेतही तिने आपली उतरंड मांडलीच. हे ध्यानात आले की मुले हसतात, आणि त्या हसण्यातून आमचा इतिहासाचा तास सुरू होतो.

हे सांगण्याचे प्रयोजन असे की, आमच्या ग्रंथालयात भयकथा व अद्भुतकथा असाव्यात की नसाव्यात, असा प्रश्न काही हितचिंतकांनी अधूनमधून उपस्थित केला आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या शाळेत चेटकिणी आणि राक्षस कशाला, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानत नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी ज्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, त्याच जिल्ह्यातील जिवती तालुक्यात वणी खुर्द या गावी ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून दलित कुटुंबांतील सात जणांना भरचौकात बांधून मारहाण झाली. त्यांत वृद्ध स्त्रिया होत्या. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून अस्तित्वात होता. तो त्या चौकात त्यांच्या मदतीला वेळेवर पोहोचला नाही. तिथे कोणी कादंबरी वाचून हात उगारला नव्हता. पण अंधारात कोणीतरी आपले वाईट करते आहे ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ऐकून मनात मुरलेली होती, आणि त्या गोष्टीतील चेटकीण शोधताना नजर नेमकी दुबळ्या शेजाऱ्याच्या दारी जाऊन थांबली.

तरीसुद्धा आमचे मत असे आहे की, ही पुस्तके कुलुपात घालू नयेत; ती वाचण्याची रीत शिकवावी. भुतावर विश्वास ठेवायला लावणारी गोष्ट वेगळी आणि भुताचे सोंग घेऊन माणसाने माणसावर केलेला जुलूम दाखवणारी गोष्ट वेगळी. हॅरी पॉटरच्या जादूच्या शाळेत ज्या मुलांचे आईवडील जादूगार नाहीत, त्यांना स्वतःला शुद्ध रक्ताचे समजणारे लोक घाणेरड्या रक्ताचे म्हणून हिणवतात. आमच्या आठवीच्या मुलांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिका टोनी मॉरिसन यांच्या ‘बिलव्हेड’ (१९८७) या कादंबरीत एका घराला मृत बालिकेचे भूत पछाडते. गुलामीतून पळालेल्या आईने, पुन्हा पकडले जाण्याच्या क्षणी, लेकीच्या वाट्याला तोच नरक येऊ नये म्हणून तिला स्वतःच्या हाताने मारलेले असते. ही निव्वळ कल्पना नव्हे. १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर या गुलाम स्त्रीने हेच केले होते. त्या कादंबरीत भूत भयंकर आहे खरे. पण त्याहून भयंकर आहे ती माणसाची खरेदी-विक्री करणारी व्यवस्था.

अशा कथांत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. राक्षस कोणाला ठरवले आहे आणि ठरवणारा कोण? लव्हक्राफ्ट हा अमेरिकेतील भयकथांचा मोठा लेखक. परंतु गोऱ्या नसलेल्या माणसांविषयीचा त्याचा तिरस्कार त्याच्या कथांत उतरला आहे. जागतिक अद्भुत साहित्याच्या पुरस्कारासाठी दिला जाणारा त्याचा अर्धपुतळा म्हणूनच २०१५ मध्ये बंद करण्यात आला. पुढच्याच वर्षी व्हिक्टर लाव्हाल या कृष्णवर्णीय लेखकाने लव्हक्राफ्टची अशीच एक कथा घेऊन ती काळ्या माणसाच्या बाजूने नव्याने सांगितली. जगाने तिचे कौतुक केले. आम्हाला मात्र त्या वेळी पुण्याचे जोतीराव आठवले. १८७३ मध्ये, म्हणजे त्याच्या १४३ वर्षे आधी, महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’त मत्स्यापासून वामनापर्यंतच्या अवतारकथा हेच करून उलट्या वाचल्या. राक्षस म्हणजे रक्षक, आणि ज्याला पाताळात गाडले तो बळी हा रयतेचा राजा, अशी मांडणी त्यांनी केली. ते पुस्तक त्यांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले, हा योगायोग नव्हे. वर्ण आणि वर्णद्वेष यांतील नाते त्यांना तेव्हाच दिसले होते. शेजारच्या गडचिरोलीत अनेक गोंड बांधव रावणाला आपला पूर्वज मानतात, त्यामागेही हीच जाण आहे. जिंकलेल्याने लिहिलेल्या गोष्टीत हरलेल्याला शिंगे फुटतात.

मराठीत अशी काळोखी गोष्ट कोणाला वाचायची असेल, त्याला आम्ही अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा देतो. खाण बंद पडल्याने बेकार झालेला दगडफोड्या भीमा मुंबईच्या स्मशानात मृतांच्या राखेत सोने शोधू लागतो. पुढे पुरलेली प्रेते उकरतो, कोल्ह्यांशी झुंजतो, आणि प्रेताच्या जबड्यात अडकलेली बोटे गमावून बसतो. दुसऱ्या दिवशी कळते की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली आहे. या कथेत स्मशान आहे, मध्यरात्र आहे, प्रेत आहे, भूत नाही. भूक आहे. खाणीच्या भोंग्यावर ज्यांच्या घरची चूल अवलंबून असते, त्या आमच्या घुग्घुसच्या मुलांना भीमाचे रडणे लगेच कळते.

आमच्या गावाला तर भयकथा दूरवर शोधायला जाण्याची गरजही नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आमराई वार्डातील एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. घरातील माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. हीच घटना शंभर वर्षांपूर्वी घडती तर धरणीच्या कोपाची किंवा पाताळातील दैत्याची कथा जन्मली असती, आणि शांतीसाठी एखादा बकरा, कदाचित त्याहूनही वाईट काही, कापले गेले असते. खाली दैत्य नव्हता. जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. कोळसा दूरच्या शहरांना उजेड देऊन गेला आणि पोकळी गरिबाच्या अंथरुणाखाली राहिली. आमच्या विद्यार्थ्याने उद्या यावर अद्भुतकथा लिहिली, तिच्यात जमिनीखालच्या अजस्र तोंडाचे वर्णन केले, तर आम्ही तिला अंधश्रद्धा म्हणणार नाही. त्या तोंडाला घास कोणी भरवला, हे मात्र त्याने विसरू नये.

आपल्या परंपरेनेही काळोखाकडे पाठ फिरवलेली नाही. अंगुलिमालाची कथा किती भीषण आहे! माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ गळ्यात घालणारा तो दरोडेखोर. पुराणातील असुराचा शेवट वधाने होतो. भगवान बुद्धांनी अंगुलिमालाला मारले नाही, भिक्खू केले. आणि कथा तिथेही संपत नाही. भिक्षेला गेलेल्या त्या भिक्खूवर लोक दगड-काठ्या फेकतात, तो रक्तबंबाळ होऊन परततो, आणि भगवंत त्याला ते सोसण्यास सांगतात. केलेल्या कृत्याची जबाबदारी सुटत नाही, पण माणूस राक्षस म्हणून जन्मत नाही, हे एवढ्या स्पष्टपणे सांगणारी कथा आमच्या वाचनात दुसरी नाही.

म्हणून आमच्या सहकारी शिक्षकांना विनंती एवढीच की, मुलाच्या हाती भयकथा दिसली तर ती हिसकावून घेऊ नका. त्याच्या शेजारी बसा. ती संपल्यावर विचारा, यात राक्षस कोण होता, आणि त्याला राक्षस कोणी म्हटले? हा प्रश्न लहानपणी अंगवळणी पडलेला मुलगा उद्या एखाद्या गावच्या चौकात उभा असेल आणि गर्दी एखाद्या म्हातारीकडे बोट दाखवत असेल, तेव्हा तो गर्दीत सामील होणार नाही, अशी आमची आशा आहे.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत नवी मुले पिंपळाखाली रुळतात. सायंकाळची वंदना तिथेच होते. पुढच्या वर्षी दाखल होणाऱ्या घाबरट पोराचा हात धरून त्याला झाडाखाली नेणारी हीच मुले असतात.