वास शर्टाला, शिक्षा अंगाला

मध्यंतरी दवाखान्यात एक तरुण आला. वय बावीस-तेवीस, एका सोसायटीच्या गेटवर सुरक्षारक्षक. "डॉक्टर, काखेत फार आग होतेय," म्हणाला. पाहिलं तर दोन्ही काखा लालभडक, कातडी सोललेली. "काय लावलंस?" असं विचारल्यावर जरा घुटमळला. पंधरा दिवस तो दोन वेळा आंघोळ करत होता, काखा घासणीने घासत होता आणि वर जखमेला लावायचं जंतुनाशक पाणी न घालता तसंच चोळत होता. कारण? सुपरवायझरने चारचौघांत ऐकवलं होतं, "आंघोळ करून येत जा ड्युटीवर."

"आंघोळ तर करतोच हो. तरी गेटवर उभा राहिलो की तासाभरात वास सुटतो."

त्याच्या पिशवीत दुसऱ्या दिवसाचा धुतलेला, वाळवलेला शर्ट होता. तो मी मागून घेतला. काखेचा भाग दोन तळव्यांत धरून चोळला, जरा ऊब लागू दिली आणि नाकाशी नेला. मग त्यालाच हुंगायला दिला. "पण हा तर धुतलेला आहे!" तो म्हणाला.

वाचकहो, हा लेख त्या धुतलेल्या शर्टाबद्दल आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. रोज आंघोळ करणाऱ्या माणसाच्या अंगाला वास येतो अशी तक्रार असेल, तर अंगाला दोष देण्याआधी कपडा तपासा. आपल्याकडे बहुतेक वेळा याच्या उलट होतं.

घामाला वास नसतो, मग येतो कुठून?

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. आपल्या अंगावर घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी असतात. त्यातल्या बहुतेक ग्रंथींतून मीठ-पाणी बाहेर पडतं आणि अंग थंड होतं. काखेत आणि जांघेत मात्र वेगळ्या ग्रंथी असतात. त्यांचा स्राव थोडा दाटसर असतो, त्यात प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ असतात. या ग्रंथी वयात येताना कामाला लागतात, म्हणून सातवी-आठवीतल्या मुलाच्या शर्टाला अचानक वास येऊ लागतो. मूल अस्वच्छ झालेलं नसतं, मोठं होत असतं.

हा स्राव त्वचेवरच्या जिवाणूंचं खाद्य आहे. ते त्याचे तुकडे करतात आणि त्यातून काही आम्लं आणि गंधकयुक्त पदार्थ तयार होतात. तो उग्र वास त्यांचा. गंधकाचे पदार्थ इतके तीव्र असतात की अगदी कणभर उरले तरी नाकाला कळतात.

कपडा वास का धरून ठेवतो?

सुती कापड पाणी पितं, पॉलिएस्टर पाण्याला जवळ करत नाही. साध्या हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. पण तेलकट पदार्थ पॉलिएस्टरला छान चिकटतात. घामातलं पाणी उडून जातं आणि वासाचे तेलकट रेणू धाग्यावर बसून राहतात.

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी याची तपासणी केली आणि २०१४ मध्ये ती प्रसिद्ध केली. २६ निरोगी माणसांनी जोरदार सायकलिंगचा व्यायाम केल्यावर त्यांचे टी-शर्ट एक दिवसाहून जास्त वेळ ठेवून हुंगले गेले. पॉलिएस्टरच्या टी-शर्टांना सुती टी-शर्टांपेक्षा जास्त आणि अधिक नकोसा वास होता. वास निर्माण करणारे काही जिवाणू पॉलिएस्टरवर जास्त वाढलेले आढळले.

धुतल्यावर हा वास गेल्यासारखा वाटतो, कारण कपडा कोरडा आणि थंड असतो आणि पावडरीचा सुगंध वर असतो. अंगाची ऊब आणि नवा घाम लागला की अडकलेला वास पुन्हा सुटतो. इस्त्री फिरवताना काखेतून भपकारा येतो, तोही याचमुळे.

आपण धुण्यात कुठे चुकतो?

घामेजलेला शर्ट बोळा करून बादलीत किंवा मशीनमध्ये दोन दिवस पडून राहतो. तेवढ्यात जिवाणूंची चंगळ होते.

वास गेला नाही की आपण पावडर वाढवतो. जास्त पावडर नीट निघत नाही, तिचा थर धाग्यावर बसतो आणि त्याखाली तेलकट मळ तसाच राहतो. बोअरच्या जड पाण्यात साबणाची वडी वापरली तर वेगळाच चिकट साका तयार होतो.

कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्यही असाच थर देतं. त्याने वास झाकतो, जात नाही.

आणि पावसाळ्यात कपडे घरात दांडीवर दोन दिवस दमट राहतात. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं की धुतलेल्या ओल्या कपड्यांच्या कुबट वासामागे मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो. म्हणजे धुतल्यानंतरही कपड्यात वास नव्याने तयार होऊ शकतो.

मग करायचं काय?

१. अंगातून काढलेला शर्ट लगेच धुणं जमणार नसेल तर निदान दोरीवर पसरून वाळवा. ओला बोळा करून ठेवू नका.

२. धुताना कपडा उलटा करा. मळ आतल्या बाजूला असतो, आपण मात्र बाहेरची बाजू घासत बसतो.

३. मुरलेल्या वासाला भिजवण्याशिवाय इलाज नाही. अर्धी बादली कोमट पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवा आणि कपडा तासभर बुडवून ठेवा. वासाची आम्लं सोड्यामुळे पाण्यात विरघळणाऱ्या क्षारांत बदलतात आणि निघून जातात. पूर्वी परीट भट्टीत सोडा आणि वाफ वापरत, त्यामागचं तत्त्व हेच. हा सोडा खाण्याच्या सोड्यापेक्षा बराच तीव्र असतो, म्हणून हातमोजे घाला आणि रेशमी-लोकरी कपड्यांना तो लावू नका.

४. एवढ्यानेही वास गेला नाही तर ऑक्सिजन ब्लीच आणा. याची पावडर गरम पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते आणि गंधकाच्या हट्टी पदार्थांचं रूप बदलून टाकते. प्रमाण पाकिटावर लिहिलेलं घ्या. कापडाला चालत असेल तर पाणी ४० अंशांच्या वर असू द्या. गार पाण्यात ती आळसावते. रेशीम आणि लोकर इथेही वगळा.

५. नंतर नेहमीसारखं धुवा. एन्झाइम असलेलं डिटर्जंट मिळालं तर उत्तम. ते काखेच्या भागाला लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. एन्झाइमला कोमट पाणी मानवतं, उकळतं नाही.

६. पाण्यात फेस दिसेनासा होईपर्यंत विसळा.

७. कपडा उलटाच, उन्हात, खडखडीत वाळवा. पावसाळ्यात पंख्याखाली दोन कपड्यांमध्ये अंतर ठेवून घाला.

८. शेवटी परीक्षा. काखेवर कोमट इस्त्री फिरवा आणि लगेच हुंगा. वास नसेल तर काम झालं. असेल तर पुन्हा भिजवा. तीन वेळा करूनही गेला नाही तर त्या शर्टाची फरशी पुसायला बदली करा.

मशीनलाही विसरू नका. महिन्यातून एकदा रिकामं मशीन गरम पाण्याच्या फेरीवर चालवा, रबराची कड पुसा आणि धुणं झाल्यावर झाकण उघडं ठेवा.

एक इशारा मात्र ठळकपणे. क्लोरीनचं ब्लीच आणि व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि आपल्या मोऱ्या लहान, बंदिस्त असतात. शिवाय क्लोरीनच्या ब्लीचने घामाचे पिवळे डाग कधी कधी आणखी पिवळे होतात.

अंगासाठी काय?

साधा साबण, पाणी आणि आंघोळीनंतर काखा नीट कोरड्या करणं पुरेसं असतं. घासणी नको, औषधी द्रव्यं सल्ल्याशिवाय नकोत. डिओडरंट वास झाकतं किंवा जिवाणू कमी करतं. अँटिपर्स्पिरंट घामच कमी करतं. घाम जास्त येत असेल तर दुसरं निवडा आणि रात्री झोपताना कोरड्या काखेत लावा. तेव्हा घाम कमी असतो, त्यामुळे ते चांगलं काम करतं. सोललेल्या त्वचेवर मात्र लावू नका.

काही वेळा मात्र कपड्याकडे बोट न दाखवता डॉक्टरांकडे यावं लागतं. बसल्या जागी कपडे भिजतील इतका घाम येणं. रात्री घामाने भिजून जाग येणं आणि सोबत ताप, खोकला किंवा वजन घटणं. काखेत वारंवार दुखरी गळवं किंवा तपकिरी-लाल चट्टा. घामाबरोबर छातीत धडधड आणि हात थरथरणं. अंगाचा वास एकाएकी बदलणं. रात्रीच्या घामामागे क्षयरोग असू शकतो, धडधडीमागे थायरॉइड. मधुमेही माणसाच्या श्वासाला गोडसर, पिकल्या फळासारखा वास येऊन उलट्या होत असतील किंवा गुंगी येत असेल तर त्याला तातडीने रुग्णालयात न्या.

आणि आता थोडं स्पष्ट बोलतो

त्या मुलाला कंपनीने वर्दीचे दोन जोड दिले होते, दोन्ही जाड पॉलिएस्टरचे. बारा तासांची ड्युटी, उन्हात उभं राहणं, घरी चार जणांत एक खोली आणि पाणी सकाळी तासभर. एक जोड अंगावर, एक दोरीवर. भिजवायला बादली अडवून ठेवायची म्हटली तरी घरात अडचण. अशा माणसाला "आंघोळ कर" म्हणणं सोपं आहे, पण ते निदान चुकीचं आहे, आणि चुकीच्या निदानावरचा उपचार त्याने स्वतःच्या कातडीवर केला.

वर्दी ठरवणाऱ्या लोकांचं म्हणणं मला ठाऊक आहे. पॉलिएस्टर स्वस्त पडतं, टिकतं, चुरगळत नाही, लवकर वाळतं. हे सगळं खरं आहे, पावसाळ्यात तर फारच खरं. म्हणून मी शंभर टक्के सुतीचा हट्ट धरत नाही. पण सुताचं प्रमाण जास्त असलेलं मिश्र कापड आणि दोनऐवजी तीन जोड एवढं तर करता येईल? तिसरा जोड मिळाला की एक शर्ट निवांत भिजत राहू शकतो. शाळांच्या गणवेशालाही हेच लागू आहे. उकाड्यात मुलांना अंगाला चिकटणारं कापड घालायला लावायचं आणि मग वर्गात नाकं मुरडायची, हे मला पटत नाही.

कुणाला सांगायची वेळ आलीच तर एकट्याला बाजूला घेऊन सांगा, आणि सांगताना कपड्याचं नाव घ्या: "अरे, त्या शर्टात वास मुरलाय, एकदा सोड्यात भिजवून बघ." एवढ्याने समोरच्याला करण्यासारखं काहीतरी मिळतं. "आंघोळ करत जा" यातून फक्त अपमान मिळतो.

त्या मुलाला मी काखेसाठी मलम दिलं, घासणी बंद करायला सांगितली आणि औषधाच्या चिठ्ठीमागे सोड्याचं प्रमाण लिहून दिलं. आठ दिवसांनी तपासायला आला तेव्हा त्वचा भरून येत होती. जाताना म्हणाला, "एका शर्टाचा वास गेला डॉक्टर. दुसऱ्याचा अजून थोडा आहे, रविवारी परत भिजवतो."

तुमच्याही घरात असा एखादा शर्ट असेल. आज इस्त्री करताना काखेचा भाग एकदा हुंगून बघा.