कचऱ्यातून वीज निघेल, पण मालक कोण?

तुरीची रास झाली की तुराट्यांच्या मोळ्या डोक्यावर घेऊन गावाकडे निघालेल्या बाया लातूरच्या शिवारात आजही दिसतात. दिवसभर मालकाच्या रानात राबायचे आणि जाताना जळतण न्यायचे, हा भूमिहीनाच्या मजुरीचाच एक न मोजलेला हिस्सा आहे. आता सरकार आणि कारखानदार सांगू लागले आहेत की, हे जळतण म्हणजे 'बायोमास' आहे, त्यातून वीज होते, गॅस होतो, पैसा होतो. खरे आहे. आमचा प्रश्न एवढाच की, हा पैसा कोणाचा होतो?

आम्ही विरोधासाठी विरोध करीत नाही. 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचा विषयही त्यांच्याकडेच होता. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगांशिवाय गरिबी हटणार नाही, ही त्यांची मांडणी. त्यांच्या अनुयायांनी विजेला नाही म्हणण्याचे कारणच नाही. पण घोषणा तपासून घेतली पाहिजे.

पहिली गोष्ट, सगळाच कचरा जळत नाही. दिल्लीत तिमारपूरला 1987 मध्ये डेन्मार्कच्या मदतीने कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प उभा राहिला. रोज 300 टन कचरा आणि पावणेचार मेगावॅट वीज असा हिशेब होता. 21 दिवसांत तो बंद पडला. आपल्या कचऱ्यात भाजीचे देठ, उष्टे अन्न आणि माती असते; तो ओला असतो. ओले लाकूड चुलीत नुसते धुमसते, हे आमच्या आयाबहिणींना ठाऊक होते. साहेबांना ते प्रकल्प बुडवून कळले!

ओला कचरा जाळायचा नसतो, कुजवायचा असतो. हवाबंद टाकीत जंतू त्याचा गॅस करतात, उरलेल्या गाळाचे खत होते. हे तंत्र नवे नाही. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 मध्येच मैल्यापासून गॅस केला गेला होता. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' हे संयंत्र विकसित केले, तेही ओल्या कचऱ्यावरच चालते. अट एकच, ओला आणि सुका कचरा वेगळा हवा. मग बंगल्यातून एकत्र आलेला कचरा वेगळा कोण करणार? ज्यांच्या हाती जातीने पिढ्यान् पिढ्या झाडू दिला, तेच! यंत्र नवे आणि त्यात घालायचे हात जुनेच, याला आम्ही प्रगती म्हणणार नाही.

गोबरगॅसचीही तीच कथा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण लागते आणि जवळजवळ तेवढेच पाणी. म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत. भूमिहीनाच्या दारात फार तर दोन शेळ्या! आणि पाण्याचे म्हणाल, तर एप्रिल 2016 मध्ये याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्याच्याकडे जनावर नाही आणि पाणीही नाही, त्याच्यासाठी अनुदानाची योजना कागदावरच राहते.

उसाच्या चिपाडावरची वीज मात्र चालते. कारण ऊस कारखान्यात येतोच, चिपाड जागेवरच मिळते; टनामागे पावणेतीनशे-तीनशे किलो. तुराट्या-पऱ्हाट्या गावोगाव विखुरलेल्या, वजनाला हलक्या आणि जागेला भारी. वाहतुकीतच नफा जातो. त्यांच्या दाबून केलेल्या गोळ्या नेणे परवडते. 2021 मध्ये केंद्राने औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात 5 टक्के अशा गोळ्या मिसळाव्यात असे धोरण आणले. शेजारी परळीचे केंद्र आहे. उद्या मागणी वाढली की तुराट्यांना भाव येईल. मालक त्या विकेल आणि आमच्या बाईला चुलीसाठी तेच जळतण विकत घ्यावे लागेल. फुकटचे होते तोवर तिचे, मोल आले की मालकाचे!

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. कचऱ्याची वर्गवारी घरातच झाली पाहिजे. न करणाऱ्याला दंड करा. टाकीत वा गटारात माणूस उतरता कामा नये. 2013 चा कायदा केवळ पुस्तकात ठेवण्यासाठी नाही. ओल्या कचऱ्याचे छोटे प्रकल्प ठेकेदाराला न देता सफाई कामगार आणि कचरावेचकांच्या सहकारी संस्थांना द्या. हे अशक्य नाही. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच संस्था उभी राहिली. तिने महापालिकेशी रीतसर करार करून घरोघरचा कचरा उचलला. पुण्यात जमले ते लातूरात का जमू नये? तुराट्यांची खरेदी गावातल्या बचत गटांमार्फत व्हावी आणि मजुराचा जळतणाचा वाटा आधी बाजूला काढावा.

कचरा होता तोवर तो आमच्या माथी मारला. आता त्याला सोन्याचा भाव येतो म्हणता, तर ती पाटी आमच्या डोक्यावर आणि तिजोरी दुसऱ्याच्या घरात, हा जुना करार आम्हाला मान्य नाही. कार्यकर्त्यांनी महापालिकेच्या पुढच्या निविदेपूर्वीच हा प्रश्न विचारावा. निविदा निघाल्यावर मोर्चा काढून फार काही हाती लागत नाही.