थर्मोस्टॅट काढून टाकू का?



मे महिन्यात गाडी घेऊन गावाकडे जाणारे आपल्यात बरेच आहेत. निपाणी सोडून बेळगावकडे निघालं की तवंदीचा घाट लागतो. गाडीत माणसं भरलेली, एसी चालू, आणि तापमानाचा काटा वर सरकायला लागतो. मग गॅरेजमध्ये एक सल्ला हमखास मिळतो: "थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्या हवेत लागत नाही." ऐकायला पटतं. पण काढण्याआधी तो करतो काय, ते बघूया.

थर्मोस्टॅट म्हणजे एक झडप आणि मेण भरलेली धातूची छोटी डबी. इंजिन थंड असताना मेण घट्ट असतं, झडप बंद असते. कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. साधारण 80 ते 90 अंशांना मेण वितळतं, फुगतं आणि झडप ढकलून उघडतं. गार झालं की स्प्रिंग ती पुन्हा मिटवते. ना बॅटरी, ना सेन्सर. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्यासाठी 'इफ-एल्स' लिहितो, ते इथे मेणच करतं!

तापलं की वस्तू वाढते, हे आपल्या लोहारांना पक्कं ठाऊक होतं. बैलगाडीच्या लाकडी चाकावरची लोखंडी धाव मुद्दाम किंचित लहान ठेवायची, लालभडक तापवायची, चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचं. धाव आकसते आणि चाकाचे सगळे सांधे आवळून धरते. हिशोब करून बघा: एक मीटर लोखंड एका अंशाला सुमारे 0.012 मिलिमीटर वाढतं. साडेचार मीटर घेराची धाव 500 अंशांनी तापली, तर 27 मिलिमीटर वाढते.

इस्त्रीतही तेच. कमी-जास्त वाढणाऱ्या दोन धातूंची जोडपट्टी तापली की वाकते आणि वीज तोडते. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने अशीच पट्टी जहाजावरच्या घड्याळात वापरली होती. बऱ्याच कुकरच्या झाकणावर सेफ्टी प्लग असतो. पाणी आटून कुकर फार तापला, की त्यातला मिश्रधातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. तो गेला तर त्याच कंपनीचा नवा बसवा. भोक दुसऱ्या कशाने बुजवणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

आता मूळ प्रश्न. थर्मोस्टॅट काढला तर बेळगावच्या थंडीत इंजिन तापायला वेळ लागतो, इंधन जास्त जळतं, झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत हाच थर्मोस्टॅट उघडताना आतली आडवाट बंद करतो. तो नसेल तर गरम कूलंट रेडिएटर टाळून परत इंजिनात जातं, आणि घाटात गाडी उलट जास्त तापते! चोंदलेला रेडिएटर, बंद पंखा किंवा गळती हे खरं दुखणं तसंच राहतं.

म्हणून मेकॅनिकला आधी ते बघायला सांगा. थर्मोस्टॅटवर संशय असेल तर काढलेला भाग दोरीने पातेल्यातल्या पाण्यात टांगा, थर्मामीटर ठेवा आणि पाणी तापवा. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप उघडायला लागली, तर तो ठीक आहे. नाही उघडली, तर नवा घाला. मुलांनाही दाखवा, पण गॅसजवळ मोठ्यांनी थांबावं.